दादा नावाचा बोका

प्रिय दादा,

तुझं पत्र येऊन सोळा दिवस झाले. एरवी मी चौथ्या दिवशी उत्तर टाकते आणि तुझ्याकडून उशीर झाला की तुलाच फैलावर घेते. तेव्हा या खेपेला तू म्हणत असशील, भागूबाई रुसली की काय. रुसले नाही, घाबरले आहे. लहानपणी पाल दिसली की मी खुर्चीवर चढून बसायचे आणि तू 'भित्री भागूबाई' म्हणत घरभर नाचायचास, तेव्हापासून ते नाव मला चिकटलं ते चिकटलंच. पण पालीची भीती बरी होती, पाल गेली की तीही जायची. ही जात नाही. फोन करावा म्हणून तीनदा हातात घेतला आणि ठेवून दिला. फोनवर मला सहज खोटं बोलता येतं, 'सगळं ठीक' हे माझ्या तोंडून आपोआप निघतं. कागदावर तेवढं सोपं जात नाही, म्हणून लिहिते आहे. आणि क्रमाने लिहिणार आहे, कारण शेवटचं आधी सांगितलं तर मधलं तू वाचणारच नाहीस. एकच विनंती, हे पत्र कामावर वाचू नकोस. घरी जा, बूट काढ, खाली बसून वाच, आणि जमलं तर वहिनी शेजारी असू दे.

पहिली बातमी अशी की आत्या गेली. तीन महिने झाले. कळवलं नाही म्हणून तू चिडशील आणि तो तुझा हक्क आहे, पण आधी पुरतं ऐकून घे. आत्या म्हटलं की तुला काय आठवतं? मला तिची हिरवी छत्री आठवते, आणि ती दारात दिसली की बाबा सुई खाली ठेवून उठायचे ते. ती बाबांना 'दादा' म्हणायची आणि मी तुला, त्यामुळे तिने हाक मारली की तुम्ही दोघंही ओ द्यायचात. मग बाबा शिडीवरून पडले, त्यांचा तोल सुटत गेला आणि वर्षभरात तिचं येणं बंद झालं. आईने सांगितलं की तिला शिष्टपणा आलाय, आजारी भावाचं करावं लागेल म्हणून तोंड लपवते. आपणही तेच धरून चाललो. चार वर्षांपूर्वी आई गेली तेव्हाही ती फिरकली नाही, आणि मीच तुला म्हटलं होतं की हिचं नाव या घरात पुन्हा काढायचं नाही. ते वाक्य मला आता गिळता येत नाहीये.

फोन आला तो तिच्या शेजारच्या बाईंचा. पोस्टात होत्या, आता निवृत्त झाल्यात, आणि पत्ता शोधून काढायची सवय अजून गेलेली नाही. त्या म्हणाल्या, दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या गेल्या, त्रास झाला नाही, पुढचं सगळं आम्ही उरकलं, आता खोल्या रिकाम्या करायच्या आहेत आणि एक मुका जीव आहे, त्याचं काय करायचं ते तुम्ही येऊन ठरवा. मला वाटलं पोपट असेल. दुकानाच्या दारावर 'दोन दिवस रफू बंद' अशी चिठ्ठी लावली आणि बस पकडली. खरं सांगते, मनात दुःखापेक्षा खुन्नस जास्त होती. एवढी कुठली महाराणी लागून गेली होती, बघू तरी, असं म्हणत मी गेले.

तळमजल्यावरच्या दोन खोल्या. बाईंनी कुलूप उघडून दिलं आणि मी उंबऱ्यातच थांबले, कारण ते घर मी आधी पाहिलेलं होतं. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत कमरेच्या उंचीवर एक जाड दोर बांधलेला होता. खुर्च्या एकमेकींपासून हातभर अंतरावर, एकीचा आधार सुटायच्या आत दुसरी हाताशी यावी अशा मांडलेल्या. वरच्या फळ्या आणि कपाटं रिकामी आणि सगळा संसार कमरेखाली. दोन कानांचा कप. चमच्याच्या दांड्याला चिंध्या गुंडाळून केलेली जाडजूड मूठ. कपाटातल्या कपड्यांची बटणं कापून त्या जागी चिकटपट्ट्या लावलेल्या, आणि त्याही काय वाकड्यातिकड्या टाक्यांनी, रफूवाल्याच्या बहिणीला न शोभणाऱ्या. दादा, हे सगळं तू ओळखतोस. बाबांसाठी तू स्वतः तो दोर ओढून बांधला होतास, अकरा वर्षांचा होतास आणि गाठ पक्की बसेना म्हणून रडला होतास. बाबांच्या चमच्याची मूठ मी केली होती. आपल्याला सांगितलं होतं की बाबांना हे पडल्यामुळे झालं, डोक्याला मार लागला म्हणून. आत्या तर कधी कुठून पडली नव्हती. मी त्या दोराची गाठ चाचपून पाहिली.

तेवढ्यात टेबलाखालून बोका बाहेर आला. आला म्हणजे काय, निघाला. करड्या रंगाचा, मोठ्या डोक्याचा, एक कान चिरलेला. पुढचे पाय फाकवून त्याने जरा अंदाज घेतला, मान डुगडुग हलवली, चार पावलं माझ्याकडे टाकली, त्यातली दोन भलतीकडेच पडली, आणि खुर्चीच्या पायावर आपटून तो कुशीवर कोसळला. मी त्याला उचलायला खाली बसले. तो मात्र काहीच घडलं नाही अशा थाटात उठला आणि पुन्हा निघाला. तिसऱ्या खेपेला माझ्या पायांशी पोचला आणि अंग टाकून दिलं. बाई म्हणाल्या, याचं नाव दादा. माझ्या कानशिलांतून वाफ निघाली. आपल्या बाबांची चाल, ज्या चालीला रस्त्यात लोक हसले, त्या चालीचं मांजर पाळायचं आणि त्याला त्यांचं नाव द्यायचं? मी बाईंना काहीतरी वाकडं बोललेही. त्यांनी ते मनावर घेतलं नाही. म्हणाल्या, आठ वर्षांपूर्वी हे पिल्लू बाजाराच्या भिंतीशी पडत-उठत चाललं होतं आणि पोरं खडे मारत होती. तुमच्या आत्याबाईंनी त्याला पदरात घेतलं आणि घरी आणून म्हणाल्या, हा बघा आमचा दादा परत आला. तेव्हा त्यांना स्वतःला जेमतेम सुरुवात झाली होती. पुढे दोघं मिळून पडायचे आणि दोघं मिळून उठायचे. मी त्यांना म्हणायचे, भाचरांना बोलावून घ्या, तर म्हणायच्या, नको, त्या पोरांनी एकदा बघितलंय, पुन्हा मला बघून त्यांना भलता हिशोब कळेल.

तो भलता हिशोब मला तिथे जमिनीवर बसल्या बसल्या कळला. बाबा, मग त्यांची बहीण. मग कोण?

बोक्याला टोपलीत घालून मी घरी आणलं. चार तासांच्या प्रवासात त्याने कंडक्टरपासून मागच्या बाकावरच्या आजोबांपर्यंत सगळ्यांना आपलंसं केलं. आता तो दुकानात असतो. रफूच्या दुकानात नखंवालं आणि तोल नसलेलं जनावर म्हणजे काय, तू कल्पना कर. पडायला लागला की समोर जे येईल त्यात नख रुतवतो, आणि समोर गिऱ्हाइकाचा लोकरीचा कोट असतो. मागे शाळेच्या मुख्याध्यापकांच्या कोटाला कसरीने केलेली तीन भोकं बुजवायला आली होती, मी पाच बुजवून दिली आणि वर काही बोलले नाही. त्याची ताटली भिंतीला टेकवून ठेवावी लागते, म्हणजे एक बाजू भिंत सांभाळते. जेवताना डोकं एवढं हलतं की निम्मं दूध मिशांना. पण उडी मारायची हौस गेलेली नाही. रोज सकाळी खिडकीवर झेप घेतो, रोज चुकतो, आणि रोज माझ्याकडे असं बघतो की खिडकीच सरकली. मी हसते. त्या दिवसांत हसता हसता माझं लक्ष माझ्या हाताकडे जायचं.

गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांनी त्याला टेबलावर ठेवलं, पायांत बोटं घातली, हसल्या. म्हणाल्या, हा आजार नव्हे, हा असाच जन्मला. पोटात असताना आईला काहीतरी झालं असणार, त्यामुळे मेंदूचा तोल सांभाळणारा भाग पुरता वाढला नाही. यात दुखणं नाही आणि हे वाढतही नाही, आठ वर्षांपूर्वी होता तसाच हा म्हातारा होऊन मरेल. मी विचारलं, माणसांत असं होतं का. त्या म्हणाल्या, माणसांत दिसायला असंच एक होतं, पण ते वेगळं, ते पुढे उतरतं आणि वाढत जातं. मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी कागदावर मोठ्या दवाखान्यातल्या एका डॉक्टरांचं नाव लिहून दिलं. मी बोक्याला टोपलीत घातलं आणि रस्त्यावर आले तेव्हा टोपलीची कडी मला दोनदा लागली नाही. थंडी नव्हती. मी घाबरले होते, एवढंच, असं मी स्वतःला सांगितलं.

आता ते लिहिते जे आपण दोघांनी चौतीस वर्षांत एकदाही काढलं नाही. तो शिडीचा दिवस. बाबा वरच्या फळीवरची लोकरीच्या धाग्यांची पेटी काढायला चढले होते आणि शिडी तू धरली होतीस. आई इस्त्री करत होती. तू शिडी सोडलीस आणि मागच्या अंगणात पळालास, आणि बाबा पडले. सगळ्यांनी विचारलं, का सोडलीस, आणि तू उत्तर दिलं नाहीस. काकांनी मुस्कटात दिली तरी दिलं नाहीस. मी सात वर्षांची होते, दाराआड उभी होते आणि मला उत्तर माहीत होतं. अंगणातल्या नळाशी पाल आली होती आणि मी 'दादा' म्हणून किंचाळले होते. तू माझ्या हाकेला आलास. हे तू कुणाला सांगितलं नाहीस, आणि मीही नाही. तू अठराव्या वर्षी घर सोडलंस, इतक्या लांब काम बघितलंस, बाबा गेले तेव्हा खोलीच्या आत न येता दारातच उभा राहिलास, ते सगळं मला दिसत होतं आणि मी गप्प होते. भित्री होते म्हणून. तुझ्याकडून आलेलं प्रत्येक पत्र उघडताना मला वाटायचं की यात आज तू विचारशील. तू मात्र वहिनी, लेकीची शाळा आणि पावसाने राहिलेलं रंगकाम यांच्यापलीकडे कधी गेला नाहीस.

आत्याच्या टेबलाच्या खणात मला आईचं एक पत्र सापडलं. बाबा पडल्यानंतर आठ महिन्यांनी लिहिलेलं. त्याआधी आत्याने आईला लिहिलं असणार की आमच्या वडिलांनाही हेच होतं, हे आमच्या घराण्यात आहे, मुलांना डॉक्टरांना दाखवा. त्यावर आईचं हे उत्तर. मी त्यातल्या ओळी जशाच्या तशा उतरवते, कारण माझ्या शब्दांत सांगितलं तर तुला वाटेल मी तुझी समजूत घालते आहे. 'शिडी जागची हलली नव्हती. मी समोर होते. त्यांचा पायच पायरीवर पडला नाही, गेली दोन वर्षं पडतच नव्हता. पण जे झालं ते पडल्यामुळे झालं असंच राहू द्या. माझ्या मुलांच्या कानावर यातलं अक्षर जाता कामा नये. उद्या त्यांची लग्नं व्हायची आहेत. तुम्ही आता इकडे आला नाहीत तर बरं.' वाचलंस? पुन्हा वाच. शिडी जागची हलली नव्हती. बाबा पडले म्हणून आजारी झाले नाहीत, ते आजारी होते म्हणून पडले. तू धरून उभा असतास तरी पडले असते, फक्त तुझ्या अंगावर पडले असते.

तरी माझा विश्वास बसेना, म्हणून मी बाबांची नमुन्यांची वही काढली. तुला आठवत असेल, नवं कुठलं अवघड कापड आलं की त्याच्या कडेचा तुकडा घेऊन बाबा त्याच्यावर आधी रफू करून बघायचे आणि तारीख घालून वहीत चिकटवायचे. मी ती वही रोज वापरते, पण तारखांकडे कधी बघितलं नव्हतं. भिंग घेऊन बसले. आपल्या कामात उभा धागा आणि आडवा धागा एकमेकांना एक वर, एक खाली असे चुकवत जातात, आणि ते चुकवणं चुकलं की डोळ्यांना भोक दिसत नाही पण बोटांना कळतं. पडण्याच्या पाच वर्षं आधीचं काम असं की रफू कुठे आहे ते मला उजेडात धरून शोधावं लागलं. तीन वर्षं आधी एक धागा सुटलेला. दोन वर्षं आधी दोन-दोन, तीन-तीन. पडण्याआधीच्या शेवटच्या महिन्यात बाबांनी एका निळ्या तुकड्यावर चार वेळा उसवून पुन्हा केलेलं आहे आणि चारही वेळा ओळ उताराला लागलेली आहे. त्या माणसाला कळत होतं, दादा. तोही घाबरलेला होता आणि त्याने कुणाला सांगितलं नाही. आईनेही मग तेच केलं, भोकावर असं काम केलं की वरून कापड अख्खं दिसावं. त्यासाठी धागा तुझ्यातला काढला, दोष तुझ्यावर राहू दिला. तिचा मला आजही राग येतो आणि तिची कीवही येते, आणि दोन्हींचं काय करायचं ते मला कळत नाही.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते विचारू नकोस. सकाळी दुकान उघडलं की पहिल्यांदा सगळ्यात बारीक सुई घ्यायची आणि दोरा ओवून बघायचा. पहिल्या झटक्यात ओवला गेला की दिवस माझा. दुसऱ्या झटक्यात गेला की दुपारपर्यंत तेच करत बसायचे. फरशीच्या एका रेषेवरून, पुढच्या पावलाची टाच मागच्या पावलाच्या अंगठ्याला लावत, दार बंद करून चालून बघायचे, आणि बोका माझ्यामागे चालायचा. एकदा आम्ही दोघांनी एकदमच तोल जाऊन टेबलाला धरलं. तो लगेच पुढे निघाला, मी रेषेच्या सुरुवातीला परत गेले. शेवटी त्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी नाकाला बोट लावायला सांगितलं, रेषेवर चालवलं, घराण्यात कोण कोण ते लिहून घेतलं. म्हणाले, आईबापांपैकी एकात असलं तर प्रत्येक मुलात उतरायची शक्यता निम्मी, आणि ज्याच्यात नाही उतरलं त्याच्याकडून पुढे कुणाकडेच जात नाही. रक्त तपासून कळतं, पण कळून घ्यायचं का ते आधी घरी जाऊन ठरवा. मी घरी गेले नाही. तिथेच बाही वर केली.

सहा आठवडे लागले. तुला मधे जे पत्र लिहिलं, ज्यात फक्त बोक्याचे खोडसाळ किस्से होते आणि बोका कुठून आला ते नव्हतं, ते त्या सहा आठवड्यांतलं. मग बोलावणं आलं. माझ्यात नाही, दादा. डॉक्टरांनी दोनदा सांगितलं आणि कागदावर बोट ठेवून दाखवलं. मी घरी येऊन बोक्याला छातीशी घेतलं आणि मोठ्याने रडले, इतकी की शेजारच्या केशकर्तनालयातले मामा कात्री हातात घेऊन धावत आले. तो एक दिवस मी सुखाने जगले. मामांना चहा पाजला, मुख्याध्यापकांना पाच भोकांची खरी गोष्ट सांगितली आणि सुईकडे ढुंकूनही बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी तुझं पत्र आलं. तू गमतीत लिहिलंयस की मुकादम हल्ली रोज विचारतो, सकाळी सकाळीच घेऊन आलास का, आणि तू तर चहाशिवाय काही घेत नाहीस. तिसऱ्या मजल्याच्या परांचीवरून रंगाचा डबा सुटला आणि खाली कुणी नव्हतं म्हणून बरं. वहिनी म्हणते तू शब्द खातोस. बटणांचा वैताग नको म्हणून आता गळ्यातून घालायचे शर्ट घेतलेत, आणि चष्म्याचा नंबर वाढला असेल, सवडीने बघू. मी हसायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. मग तुझी दोन वर्षांची पत्रं काढली, तारखेप्रमाणे टेबलावर मांडली आणि भिंग घेतलं. तू दुकानांच्या पाट्या रंगवायचास तेव्हापासून तुझी शिरोरेषा एका दमात, पट्टीने ओढल्यासारखी जाते. दोन वर्षांपूर्वी ती तशीच आहे. गेल्या वर्षी ती दर तीन अक्षरांनी तुटते. या पत्रात ती थरथरत निघते आणि प्रत्येक ओळ शेवटाला खाली उतरते, त्या निळ्या तुकड्यावर उतरते तशी. माझी नजर याच कामात मुरलेली आहे, आणि या एकदाच ती चुकीची ठरावी म्हणून मी सोळा दिवस पुन्हा पुन्हा बघते आहे. हे फक्त चष्म्याचं निघालं तर मला जन्मभर भागूबाई म्हण, लेकीलाही म्हणायला शिकव. तिचं आत्ता काही मनात आणू नकोस, आधी तुझं बघू. डॉक्टर म्हणतात, यावर औषध नसलं तरी वेळेत कळलं तर व्यायामाने आणि आधाराने माणूस पुष्कळ वर्षं पायांवर राहतो, फक्त पडायचं नाही, आणि उंचावरून तर नाहीच. दोर कसा बांधायचा आणि चमच्याला मूठ कशी करायची ते मला येतं, मागची खोली मी रिकामी केली आहे, बोक्याला तुझ्या नावाने हाक मारायचं सोळा दिवसांपासून सोडून दिलं आहे. चौतीस वर्षांपूर्वी मी एका पालीला घाबरून ओरडले आणि तू हातातलं सोडून धावत आलास, आणि त्याने कुणाचंही काही बिघडलं नव्हतं. आज मी त्याहून फार जास्त घाबरले आहे आणि पुन्हा हाक मारते आहे. दादा, शिडी सोड आणि माझ्याकडे ये.

तुझीच,
भागूबाई